हवा बाहेर का जाईना

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. पॉलिमरचा डिप्लोमा घेऊन मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात वर्षभर नोकरी केली, तो कारखाना बंद पडला आणि मी पिंपरी पेंढारला घरी परत आले. घरात बसून महिना होतोय तोच माझा मामेभाऊ मोटरसायकलवर दारात हजर झाला. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. नारायणगावहून ओझरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची फायबरची शेड होती. पाण्याच्या टाक्या, बाथरूमचे दरवाजे, टेंपोच्या टपावरची झाकणं असला माल तिथे व्हायचा.

"तू फायबरचंच शिकलीस ना?" त्याने चहा घेता घेता विचारलं.

"प्लॅस्टिकचं."

"तेच ते. सोमवारपासून शेडवर ये. नवीन काम काढलंय."

नवीन काम म्हणजे होडी. आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडे काही वाड्या आहेत. रस्त्याने यायचं तर डोंगराला मोठा वळसा, म्हणून माणसं होडीतून ये-जा करायची. बाजार, दवाखाना, तालुक्याची कामं, सगळं पाण्यावरूनच. तिथल्या एका होडीवाल्याची लाकडी होडी कुजत आली होती. त्याने दादाकडे फायबरची मागितली होती, सोळा फुटी, दहा-बारा माणसं बसतील अशी.

दादाने ती नेहमीच्या पद्धतीने करून दिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. नेहमीची पद्धत म्हणजे साच्यात काचेच्या धाग्यांचं कापड पसरायचं, ब्रशने त्यावर रेझिन, म्हणजे नंतर कडक होणारा चिकट द्रव, लावायचं, लोखंडी रोलर फिरवून आतली हवा काढायची आणि त्यावर पुढचा थर घ्यायचा. पण दादाने पुण्यातल्या एका प्रदर्शनात वेगळंच पाहिलं होतं. कापडाचे सगळे थर साच्यात कोरडेच मांडलेले, वरून प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवलेला, एका टोकाला पंप आतली हवा ओढतोय आणि दुसऱ्या टोकाला बादलीतलं रेझिन नळीतून आपलं आपण आत शिरतंय. वास नाही, हात बरबटणं नाही. दादा त्या यंत्रापुढे तासभर उभा होता म्हणे. परत आला तो होडी अशीच करायची हे ठरवूनच.

शेडवर एक मिस्त्री होते. पन्नाशी ओलांडलेले, वीस वर्षं रोलर फिरवून उजवं मनगट कायमचं सुजलेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "हवा हाताला कळती, बाई. पंपाला काय कळणार?"

मला त्यांचा राग आला. शिकलेली मी होते. पंपाला काही कळायची गरज नसते, हे मी त्यांना बरंच लांबण लावून सांगितलं.

पंप दादाने एका गोठ्यातून उचलून आणला होता. गाईंचं दूध काढायच्या मशीनचा, जुना. तो गाईंच्या सडांसाठी केलेला, त्याला फार जोर लावायचा नसतोच. ओढ दाखवणाऱ्या गेजचा काटा अर्ध्यावर जाऊन थांबायचा. मी दादाला म्हटलं, याच्यापेक्षा चांगला पंप लागेल. तो म्हणाला, आधी यावर जमवून दाखव.

मी टेबलावर सनमायका टाकून तीन फूट लांब, फूटभर रुंद असे नमुन्याचे तुकडे करायला घेतले. सहा थर कापड, वर जाळी, वर कागद, कडेला चिकटपट्टी. एका टोकाने रेझिन आत, दुसऱ्या टोकाला पंप. रेझिन कापडात शिरताना फार सुंदर दिसतं. पांढरं कापड सरसर काळसर, पारदर्शक होत जातं, आणि त्या ओल्या कडेची रेघ पुढे पुढे सरकते. पहिल्या दिवशी दादाने शेजारच्या वेल्डिंगवाल्यालाही बघायला बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तुकडा सुटला. हातात घेतला तर गुळाच्या पाकासारखा पिवळसर, गुळगुळीत. पण शेडच्या मागे सामानाची एक अंधारी खोली होती, तिथे बल्बसमोर धरला तेव्हा माझं तोंड उतरलं. रेझिन जिथून आत गेलं त्या टोकाला प्रत्येक धाग्याच्या पोटात बारीक बारीक पांढऱ्या रेघा होत्या, सुयांची टोकं तुटून अडकावीत तशा. पंपाच्या टोकाला तसल्या रेघा नव्हत्या, पण धाग्यांच्या मधल्या चौकोनांत साबुदाण्यासारखे गोल बुडबुडे होते. मधला फूटभर भाग तेवढा स्वच्छ.

हवा अडकली होती, एवढं उघड होतं. आणि हवा आहे म्हणजे ती कुठून तरी आत येतेय, हे मी धरून चालले. तिथेच माझं चुकलं, आणि ती चूक मला दहा-अकरा महिने पुरली.

मी गळती शोधायला लागले. चिकटपट्टीच्या कडेकडेने कान लावून सूं आवाज येतोय का ऐकत टेबलाभोवती फिरायचे. नळ्या बदलल्या, सांधे बदलले, पट्टी दुहेरी लावली, कागद जाड आणला. पंप बंद करून नळी चिमटली तर काटा अर्धा तास जागचा हलायचा नाही. म्हणजे गळती नव्हती. काटा मला ते रोज सांगत होता आणि मी गेजवर संशय घेत होते. मग दुसरा गेज आणला. त्याचाही काटा हलेना.

थंडीत सकाळी रेझिन मधासारखं घट्ट व्हायचं, नळीतून पुढे सरकायचं नाही. दुपारपर्यंत थांबावं तर लोडशेडिंग. मधेच लाइट गेली की पंप थांबायचा, कागद सैल पडायचा, आणि अर्धं भिजलेलं, अर्धं कोरडं कापड तसंच कडक होऊन बसायचं. असे तुकडे शेडच्या भिंतीला लागून उभे राहत गेले. मिस्त्री त्यातला एखादा उचलून उजेडात धरायचे, परत ठेवायचे. मला ते लागायचं.

नारायणगावात फ्रिज दुरुस्त करणारा एक जण होता, त्याच्याकडे चांगला पंप होता. दादाने तो चार दिवसांपुरता मागून आणला. काटा जवळजवळ शेवटाला टेकला. बुडबुडे कमी झाले, पण गेले नाहीत, आणि होते ते त्याच दोन जागी, तशाच दोन तऱ्हांचे. पाचव्या दिवशी उन्हाळ्याचा सीझन सुरू झाला म्हणून फ्रिजवाला पंप घेऊन गेला.

एक गोष्ट मी कबूल करते. दर तुकड्याचा मधला भाग चांगला निघायचा, म्हणून मी त्यातलाच एक चौकोन कापून, पॉलिश करून दादाला दिला होता. तो त्याने ऑफिसच्या टेबलावर ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हातात द्यायचा, "बघा राव, एक बुडबुडा दाखवा." मला ते बघताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण मधलाच भाग चांगला का निघतो, हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नाही.

होडी पावसाळ्याआधी द्यायची होती. पाऊस लागला की धरण भरतं आणि पलीकडच्या माणसांना होडीशिवाय काहीच उरत नाही. मे महिना उजाडला तरी माझा एकही तुकडा पूर्ण स्वच्छ निघाला नव्हता.

"आता होडीच घालू," दादा म्हणाला.

"दादा, अजून नाही जमलेलं."

"मधलं जमतंय ना? होडी म्हणजे मधलंच सगळं."

आम्ही पहाटे उठून शेडवर गेलो आणि उजाडताच काम सुरू केलं, लाइट जायच्या आत संपावं म्हणून. होडीच्या पुढच्या टोकाने रेझिन सोडलं, मागच्या टोकाला पंप. सोळा फुटांची वाट. पहिले चार-पाच फूट रेझिन धावत गेलं. मग चालीवर आलं. मग रांगायला लागलं. शेवटच्या तीन फुटांत तर ते पुढे जातंय की नाही हे बघायला मी कागदावर पेनने रेघा मारत होते. उन्हाने शेडचे पत्रे तापले, बादलीतलं रेझिन घट्ट व्हायला लागलं, मिस्त्रींनी न सांगता बादलीखाली ओलं पोतं टाकलं. कसंबसं शेवटपर्यंत पोचलं.

दोन दिवसांनी होडी साच्यातून निघाली. बाहेरून निळी, आरशासारखी. आत उतरून पाहिलं तर मागच्या बाजूला तळ दुधाळ दिसत होता. साच्याच्या कडेला आलेला जादा भाग कापून टाकतात, त्याचे मागचे तुकडे मी उचलले, पॉलिश पेपरने घासले आणि भिंगातून पाहिले. जाळीदार झालेले. धाग्यांच्या मधे बुडबुडे रांगेने बसलेले. पुढच्या बाजूच्या तुकड्यात धाग्यांच्या पोटात पांढऱ्या रेघा.

मी ते तुकडे दादाच्या टेबलावर ठेवले. "ही द्यायची नाही."

त्याने एकेक तुकडा भिंगातून पाहिला. मग म्हणाला, "आतून करडा रंग मारू. आणि त्यांना काय विमान नाही बनवायचं. टाकीतही बुडबुडे असतात."

"टाकीत माणसं बसत नाहीत."

"पाऊस तोंडावर आलाय. त्यांची जुनी होडी बघितलीस तू? त्यापेक्षा ही दहापट बरी."

हे खरं होतं. मिस्त्रींनी आतून करडा रंग मारला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांनीही माझ्याकडे बघितलं नाही.

होडीवाले ट्रॅक्टर घेऊन आले. वयाने माझ्या वडिलांएवढे, सडपातळ, डोक्यावर टोपी. त्यांनी होडीभोवती दोनदा फेरी मारली, तळावर हात फिरवला. मग मला विचारलं, "ताई, तुमीच केली ना ही?"

"हो."

"टिकंल ना?"

दादा शेजारी उभा होता. मी म्हटलं, "टिकेल."

तो एक शब्द पुढे कित्येक महिने माझी पाठ सोडत नव्हता. पावसाळाभर घाटाकडे ढग दिसले की माझं कामात लक्ष लागायचं नाही. पेपरात डिंभ्याची बातमी असली की आधी ती वाचायची, मग बाकीचं. घरात आई स्थळांचं बोलायची आणि मी हो-हो म्हणत भलताच विचार करत बसायचे. शेडवर आम्ही परत टाक्या आणि दरवाजे करत होतो. पंप कोपऱ्यात पोतं टाकून ठेवलेला.

दिवाळी झाल्यावर मी न सांगता घोडेगावची एस.टी. धरली आणि तिथून जीपने धरणावर गेले. होडी काठाला उपडी घातलेली होती. होडीवाले शेजारी बसून डांबर गरम करत होते. मला त्यांनी लगेच ओळखलं.

"या ताई, बसा. च्या घेता?"

मी होडीजवळ गेले. तळावर पुढच्या भागात निळ्या रंगाखाली फोड आले होते, हरभऱ्याएवढे. एक नखाने दाबला तर आतून आंबूस वासाचं पाणी आलं. मागच्या बाजूला होडी खडकावरून ओढून ओढून थर सुटले होते, पुठ्ठा भिजल्यावर उलगडतो तसे. तिथे ते डांबर भरत होते.

"कधीपासून आहे असं?"

"गौरी-गणपतीपास्नं. जड झाली आता. पयली दोन माणसं वढायची, आता चार लागत्यात. पाणी पिती ती." ते शांतपणे डांबर ढवळत होते. "मागल्या अंगाला बाजारची बाई-माणसं बसवत न्हाई मी. पुढंच बसवतो."

"तुम्ही दादाला कळवलं का नाही?"

"कळवलं व्हतं. ते म्हणले, वापरताना खडकावर घासू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "खडक तर सगळीकडंच हाय, ताई. उचलून कुठं ठेवू?"

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चहा दिला, बशीत ओतून. मी तो कसा प्यायले मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी शेडवर माझं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं. त्याने निरोप मला सांगितला नव्हता, याचा मला जास्त राग होता. तो म्हणाला, सांगून तू काय केलं असतंस, तुला अजून कारण तरी सापडलंय का? तो तावातावाने बाहेर निघून गेला आणि मी साच्याच्या कडेवर बसून रडले. कारण ते खरं होतं.

मिस्त्री थोड्या वेळाने आले. पाण्याचा तांब्या पुढे केला. मग म्हणाले, "एक इचारू का? तू इतके दिस हवा कुठनं आत येती ते हुडकतीस. पण हवा तर पयलीपास्नंच आत व्हती की. कोरड्या कापडात हवाच असती. ती भाईर का जाईना, ते बघ ना."

तीन वर्षं कॉलेजात आणि दहा-अकरा महिने या शेडवर घालवून मला जे विचारता आलं नव्हतं, ते त्यांनी तांब्या खाली ठेवता ठेवता विचारलं होतं.

पण नुसता प्रश्न बरोबर मिळाल्याने काही होत नाही. बघायचं कसं? वरून कागद, त्याखाली जाळी, त्याखाली सहा थर. रेझिन आत काय करतंय ते दिसत नव्हतं. मी घरी गेले आणि बैठकीच्या खोलीतल्या शोकेसची काच काढली. आईने दोन दिवस अबोला धरला. ती काच मी शेडवर नेऊन दोन स्टुलांवर आडवी ठेवली, सनमायकाच्या जागी तिच्यावरच कापड मांडलं, आणि खाली चटई टाकून उताणी झोपले. हातात बॅटरी आणि भिंग. मिस्त्रींनी वरून रेझिन सोडलं.

सुरुवातीला रेझिन जोरात होतं. ते धाग्यांच्या मधल्या मोकळ्या वाटांतून पाण्यासारखं धावलं. धागा म्हणजे खरं तर शेकडो बारीक केसांची जुडी असते. मोकळ्या वाटेतलं रेझिन पुढे निघून गेलं, त्याने जुडीला चारी बाजूंनी वेढलं, आणि जुडीच्या पोटातल्या हवेला बाहेर पडायला वाटच उरली नाही. माझ्या डोळ्यांदेखत ती पांढरी रेघ होऊन बसली.

"मिस्त्री, नळी थोडी चिमटा."

रेझिन मंदावलं. आता मोकळ्या वाटांतलं रेझिन रेंगाळायला लागलं, पण जुड्यांमधलं थांबेना. ते आपलं आपण पुढे चढत होतं, पंपाच्या ओढीपेक्षा केसांच्या ओढीने. शाळेत याला केशाकर्षण म्हणून शिकवलं होतं, बारीक नळीत पाणी आपोआप चढतं ते. मार्कांसाठी मी आकृतीसुद्धा काढली होती. जुड्या बोटभर पुढे गेल्या, आडव्या जुड्यांना जाऊन भेटल्या, आणि मधल्या चौकोनात हवा कोंडली गेली. गोल, साबुदाण्यासारखी.

मी चटईवर तशीच पडून राहिले. वेग जास्त, तर हवा धाग्याच्या पोटात. वेग कमी, तर धाग्यांच्या मधे. कुठेतरी मधे दोन्ही बरोबर चालतात, तिथे हवा पुढे ढकलली जाते. माझा प्रत्येक तुकडा, आणि ती होडीसुद्धा, सुरुवातीला पळायची आणि शेवटी रांगायची. मधला चांगला भाग टेबलावर ठेवून आम्ही लोकांना दाखवत होतो आणि उत्तर तिथेच होतं.

आनंद झाला का, असं कोणी विचारलं तर खरं सांगते, झाला नाही. मला त्या मागच्या बाजूला न बसवलेल्या बायका आठवत होत्या.

दादाला पटवायला पंधरा दिवस लागले. मी म्हटलं, होडी पुन्हा नव्याने करून द्यायची, याच पद्धतीने, आणि जुनी काढून घ्यायची. तो आधी ऐकेना. शेवटी मी त्याला काचेखाली झोपवलं आणि दाखवलं. उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "एकच. मग हा विषय बंद."

या वेळी रेझिन टोकाने सोडलं नाही. होडीच्या तळाच्या मधोमध कण्यासारखी नळी टाकली आणि तिथून दोन्ही कडांकडे ओढलं, म्हणजे कुठेही वाट अडीच-तीन फुटांपेक्षा लांब नको. सुरुवातीला नळी चिमटीत धरून रेझिन आवरायचं, मंदावलं की सोडायचं, तरीही रेंगाळलं तर कडेकडे टाकून ठेवलेली पुढची नळी उघडायची. पंपाच्या बाबतीत दादा नमला, फ्रिजवाल्याचा परत आणला. थंडी सरत आली होती, रेझिन ना फार घट्ट ना पातळ. चिमटे मिस्त्रींच्या हातात होते. मी वेळ सांगायचे, पण थोड्या वेळाने ते माझं ऐकेनासे झाले. नळी बोटांत धरून त्यांना कळत होतं कधी आवरायचं. मी घड्याळ बाजूला ठेवलं.

होडी निघाली. मी कडेचे सगळे तुकडे घासून पाहिले, एकूण एक. जवळजवळ स्वच्छ होते. पण आतून पाहिलं तर तळाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे कापडाला दुमड पडली होती, तिथे तळहाताएवढा दुधाळ डाग होताच. मी हताश होऊन खाली बसले. एवढं सगळं करून तेवढा डाग राहिलाच. मिस्त्रींनी ग्राइंडर घेतला, तेवढा भाग तासून काढला, कापडाचे लहान लहान गोल कापले आणि ब्रश-रोलर घेऊन एकावर एक थर बसवले. अर्ध्या दिवसात भरून काढलं. बल्ब लावून बघितलं तर सगळ्या होडीत तेवढीच जागा शंभर टक्के बिनबुडबुड्याची होती.

नवीन होडी आम्ही तिघं जाऊन देऊन आलो. होडीवाल्यांनी या वेळी मला काही विचारलं नाही. मी मात्र न विचारता सगळं सांगितलं, पहिल्या होडीत काय चुकलं होतं आणि मला ते देतानाच माहीत होतं हेसुद्धा. दादा दुसरीकडे बघत उभा राहिला. होडीवाल्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजे तवा ठावं व्हतं," एवढंच म्हणाले. मग वल्ही आणायला गेले. त्यांनी माफ केलं की नाही, मला कळलं नाही, आणि ते कळायचा माझा हक्कही नव्हता.

दादाने शब्द पाळला. विषय बंद केला. टाक्यांना हे परवडत नाही, म्हणाला, आणि ते खरंच होतं. जे शोधायला माझं जवळजवळ वर्ष गेलं ते शेडवर कोणालाच नको होतं. दुधाच्या मशीनचा पंप दुसऱ्या गोठ्यात गेला. वर्षभराने मी चाकणच्या एका कारखान्यात लागले, तिथे याच पद्धतीने मोठे भाग बनवायचे. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी प्रशिक्षणाची फाइल दिली. त्यात फोटोकॉपीचा एक जुना कागद होता, अक्षरं पुसट झालेली, म्हणजे कितीतरी वर्षं हातोहात फिरलेला. कागदावर एक आलेख. आडव्या रेषेवर रेझिनचा वेग, उभ्या रेषेवर अडकलेली हवा. वेग वाढला की एक रेघ खाली उतरत होती, धाग्यांमधल्या बुडबुड्यांची. दुसरी वर चढत होती, धाग्यांच्या पोटातल्या. दोघी जिथे एकमेकींना छेदत होत्या, तिथे कोणीतरी पेन्सिलने गोल केला होता.

मी तो कागद कितीदा तरी वाचला. हे जगात कोणाला तरी माहीत होतं. छापून आलेलं होतं, चाकणला फाइलमध्ये लावलेलं होतं, आणि तिथून चाळीस-पन्नास किलोमीटरवर मी शोकेसच्या काचेखाली झोपून ते नव्याने शोधत होते, तेही एक होडी वाया घालवल्यावर. मला भयंकर संताप आला. कोणावर चिडायचं हेही कळेना. कॉलेजवर, दादावर, स्वतःवर, की हा कागद आमच्याकडे यायला कुठली वाटच नव्हती यावर.

साहेब टेबलापाशी थांबले. "समजलं का? पहिल्यांदाच बघतेस, थोडं अवघड वाटेल. करता करता कळेल."

"हो सर," मी म्हटलं आणि पान उलटलं.